परसातली सात शेवळं

आठवड्याचे साडेपाच दिवस मी पुण्यात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि उरलेला दीड दिवस कर्जतला घरी बसून तेच करत असे. पुण्यात मी वर्गात शिरलो की मुलं उठून उभी राहात. कर्जतला कुणी उठत नसे, कारण ज्याला त्याला काम असे.

ही दोन घरांची व्यवस्था कुणी ठरवून केली नव्हती. पुण्यात प्लेगनं आमची पेठ रिकामी करायला लावली, तेव्हा बायकोला आणि मुलीला घेऊन मी सासऱ्यांकडे कर्जतला आलो. महिनाभर पुरतील एवढे कपडे आणले होते. सासरे रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त होऊन नदीच्या अंगाला घर बांधून एकटे राहात होते. त्याच पावसाळ्यात अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. प्लेग ओसरला, कॉलेज उघडलं, मी परत गेलो; त्या दोघी राहिल्या त्या राहिल्याच. मी पुण्यात एक खोली घेऊन खानावळीत जेवू लागलो. शनिवारी सकाळचे तास संपवून गाडी धरायची, घाट उतरेपर्यंत पेपर तपासायचे, घाटातल्या ठाकुरवाडीला गाडी थांबली की तेवढ्यात शाईची कामं उरकायची आणि कर्जतला उतरायचं. सासरे खाटेवर पडल्या पडल्या शिट्टी ऐकत आणि गाडीला किती मिनिटं उशीर झाला ते मला सांगत. मी त्याच गाडीतून आलेला असे, पण त्यानं त्यांच्या सांगण्यात फरक पडत नसे.

रविवार हा सल्ल्याचा दिवस होता. माझे आजी-माजी विद्यार्थी सकाळच्या गाडीनं येत आणि ओटीवर बसत. कुणाला प्रबंध दाखवायचा असे, कुणाला वकिली करावी की मास्तरकी हे विचारायचं असे, एकाला तर बापानं ठरवलेलं लग्न मोडावं कसं हे विचारायचं होतं. मी सगळ्यांना सल्ला देत असे. ज्या विषयातलं मला काही कळत नाही त्या विषयातला माझा सल्ला विशेष ठाम असे. बायको पोह्यांची पातेली बाहेर पाठवी आणि आत म्हणे, "यांच्याकडे सगळ्या गावाच्या मुलांना वेळ आहे."

सगळ्या गावाच्या मुलांना होता, हे खरं. आमची मुलगी सतरा वर्षांची होती. पुण्याला माझ्या बहिणीकडे राहून तिनं मॅट्रिक दिली होती आणि चांगली पास झाली होती. तिला कॉलेजात जायचं होतं. हे तिनं मला पहिल्या वर्षी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "बघू, पुढच्या जूनला." पुढच्या जूनला मी पुन्हा तेच म्हणालो. कारण विचाराल तर तयार होतं. तिच्या आजोबांना भरवायला माणूस लागे आणि तिची आई एकटी किती पुरणार. हे कारण मी इतक्या वेळा सांगितलं होतं की ते मलाही पटलं होतं.

मधल्या काळात ती रिकामी बसू नये म्हणून मी तिला चित्रं काढायला दिली. तिचा हात विलक्षण होता. पान समोर ठेवलं की तासाभरात कागदावर तेच पान, शिरांसकट, कीड लागलेल्या भोकासकट. माझ्या विद्यार्थ्यांची बोटं चिमटा धरायला शिकलेली असत, पेन्सिल धरायला नाही. त्यामुळे प्रत्येक प्रबंधातली चित्रं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून निघू लागली. प्रबंध पुण्यात मंजूर होत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर नव्हतंच.

त्या वर्षीचा माझा विद्यार्थी कर्जतजवळच्या कडावचा होता. घरी भातशेती, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. आमच्याच कॉलेजात तो प्रयोगशाळेत मुलांना सूक्ष्मदर्शक दाखवायचं काम करी, आणि एम. एस्सी. झाला तर ती जागा कायम होणार होती. त्यानं विषय घेतला होता शेवळांचा. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पावसाच्या तोंडाला जमिनीतून एक जांभळट कोंब सरळ वर येतो, आधी फूल, पान मागाहून. रानात राहणारी ठाकरं डोंगरातून ते कोंब काढून आणतात, जुड्या बांधून बाजारात विकतात आणि लोक घसा खाजू नये म्हणून काकडाची आंबट फळं घालून त्याची भाजी करतात. पंधरा-वीस दिवसांचा मामला, मग संपलं.

या मुलानं लहानपणापासून शेवळं खाल्ली होती आणि त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला एक शेवळ येतं ते फिकट असतं, जवळजवळ पांढरं, आणि बाकीची संपल्यावर उगवतं. त्याचं म्हणणं, हा प्रकार वेगळा. कुणी नोंदलेला नाही. आम्हाला भाजी विकणारी एक ठाकरीण होती, तिनं त्याला जागा दाखवली. तिथून त्यानं सात कंद खणून आणले आणि ते आमच्या परसात ओळीनं लावले, कारण पुण्याच्या हवेत ते जगेनात. प्रत्येकापुढे रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून आकडा ठोकला, एक ते सात. पहिली दोन वर्षं नुसती पानं आली. तिसऱ्या वर्षी, कॉलेज सुरू होऊन आठवडा झाल्यावर, सातही फुलांवर आली.

तो आणि मी पुण्यात. म्हणून रोज सकाळी मुलगी पट्टी घेऊन परसात जाई, उंची मोजी, रंग टिपी, प्रत्येकाचं चित्र काढी. तिनं वही घातली होती. रविवारी सकाळी विद्यार्थी स्पिरिटच्या बरण्या घेऊन येणार आणि पूर्ण उमललेली फुलं कापून त्यांत घालणार, असं ठरलं होतं. परीक्षकांपुढे ठेवायला वस्तू हवी. नाहीतर कुणीही उठून पांढरं शेवळ पाहिलं म्हणेल.

आदल्या शनिवारी मुलीला पाहायला खालापूरचे लोक आले.

हे माझ्या संमतीनं झालं होतं. बायकोनं मला विचारलं तेव्हा मी पेपर तपासत होतो आणि हो म्हणालो, एवढं मला आठवतं; कशाला हो म्हणालो ते आठवत नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. "कॉलेज तरी करा नाहीतर लग्न तरी करा. काहीतरी एक. ही अशी खिडकीत बसून पानं काढत म्हातारी व्हायची का?" यावरही मी "बघू" म्हणालो होतो, म्हणून तिनं आपल्या मामेभावाकडून खालापूरचं स्थळ आणलं. शेतीवाडी, मुलगा कचेरीत, माणसं बरी. आषाढ लागायच्या आत पाहून घेऊ म्हणाले आणि चौक गावावरून बैलगाडीनं आले, चार जण.

इतक्या लांबून आलेल्यांना जेवल्याशिवाय कसं सोडायचं? मुलाच्या वडिलांना शेवळं फार आवडतात हे मामेभावानं आधीच कळवलं होतं. आणि त्या दिवशी बाजारात शेवळं नव्हती. ठाकरीण म्हणाली, "सपली बाय. आता नाय मिलायची." मुलीला सकाळपासून आतल्या खोलीत बसवून तिची आत्या लुगडं नेसवत होती. मी त्या दिवशीचे तास सोडून सकाळच्या गाडीनं आलो होतो आणि ओटीवर पाहुण्यांना खालापूरला पाऊस किती झाला ते विचारत होतो. सासरे खाटेवर होते. परसात कुणीच नव्हतं. बायको विळी घेऊन मागं गेली.

तिला दोष देता येणार नाही. दोन वर्षं तिनं त्या ओळीत पानं पाहिली होती आणि मी तिला "प्रबंधाचं काहीतरी" यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. आता तिथं सात सुरेख शेवळं उभी होती, बाजारात एकही नसताना, पाहुणे दारात असताना. तिला तर देवच पावल्यासारखं वाटलं.

मी पाटावर बसलो, डाळ घातलेली ती भाजी पानात आली आणि मी दोनदा मागून घेतली. पंचवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या मनात एकदाही आलं नाही की आज शेवळं कुठून. मुलाचे वडील म्हणाले, "अहो, या दिवसांत शेवळं! आणि खाज म्हणून नाही. कुणाच्या हातची?" अशा वेळी जे उत्तर देतात तेच बायकोनं दाराआडून दिलं, "तिनंच केलीय." तेवढ्यात मुलगी तुपाचं भांडं घेऊन वाढायला बाहेर आली. तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी जेवत होतो. तिनं सगळ्यांना तूप वाढलं, खाली पाहून, न सांडता. पाहुण्यांना ती फार शालीन वाटली. ते गेल्यावर तिनं मला परसात नेऊन सात बुडखे दाखवले.

रविवारी सकाळी विद्यार्थी कडावहून चालत आला, पिशवीत बरण्या. मी त्याला परसात घेऊन गेलो. वाटेत सांगायचं म्हणून वाक्य जुळवलं होतं, पण ते जमलं नाही. त्यानं ओळीनं सातही पत्रे पाहिले, आकड्यांच्या क्रमानं, आणि प्रत्येकापाशी कापलेल्या बुडख्याला बोट लावून पाहिलं. मग उकिडवा बसून राहिला.

"भाजी केली का?" त्यानं विचारलं.

"हो."

"खाजली का, सर?"

"नाही."

त्यानं खिशातून पेन्सिल काढून ते टिपून घेतलं. मला ते बघवेना. तीन वर्षांत मी त्याला एवढंच शिकवलं होतं की जे दिसेल ते टिपून ठेव, आणि ते तो शिकला होता.

ठाकरिणीला विचारलं. ती म्हणाली, "वरली आता पाल्यावं आली असतील. फूल पुडल्या सालाला. तुमी ठेवायची होती ना दादा." पुढल्या सालापर्यंत त्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो तेव्हा मुलगी आतून वही घेऊन आली आणि आमच्यामध्ये ठेवून परत गेली. रोजची उंची होती. आवरण कुठल्या दिवशी सुटलं, रंग कुठून कुठे चढला, आतल्या दांड्यावर नराची फुलं कुठवर आणि मादीची कुठवर, सगळं. सातही झाडांची रोजची चित्रं, शेजारी बाजारातल्या जांभळ्या शेवळाचं एक, ताडून पाहायला. ते मी तिला सांगितलं नव्हतं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

प्रबंध त्या वहीवर उभा राहिला. लिहून झाल्यावर विद्यार्थी म्हणाला, "सर, ताईंचं नाव घालतो." मी म्हणालो, लग्नाच्या मुलीचं नाव विद्यापीठाच्या कागदावर कशाला. आम्ही "चित्रे व मोजमापे यांच्या कामी घरच्या मंडळींचे साहाय्य झाले" असं वाक्य घातलं. ते माझंच होतं आणि मला ते सभ्य वाटलं. खालापूरहून तोवर पत्र आलं होतं. मुलगी पसंत होती, तिच्या हातच्या भाजीची सगळे आठवण काढत होते, आणि तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त धरावा असं त्यांचं म्हणणं होतं. दिवाळीपर्यंत कळवतो असं मी लिहिलं. मुलीला विचारलं नव्हतं. शेवळांच्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोले, आणि काम पुष्कळ असल्यामुळे ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

दसरा झाल्यावर एका शुक्रवारी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते आणि त्यांनी प्रबंध खरोखरच वाचला होता. नमुना का नाही, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. विद्यार्थ्यानं सांगितलं, खाल्ला. कुणी, तर पाहुण्यांनी. परीक्षकांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग ते चित्रांवर आले आणि तिथंच राहिले. चष्मा काढून, कागद डोळ्याजवळ नेऊन एकेक चित्र पाहिलं.

"ही तुमची नाहीत," ते त्याला म्हणाले. "तुमचं अक्षर पाहिलंय मी. कुणाची?"

विद्यार्थ्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "सरांच्या मुलीची. मोजमापंही तिचीच. जांभळ्याशी ताडून पाहणंही तिचंच. मी कंद आणले आणि लिहिलं."

परीक्षक माझ्याकडे वळले. चांगल्या बातमीच्या अपेक्षेनं माणूस वळतो तसे. "कुठल्या वर्गात आहे?"

त्या खोलीत मी वीस वर्षं इतरांना प्रश्न विचारले होते. मी म्हणालो, "घरीच असते."

"आजारी आहे का?"

"नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला आणि पुढचा प्रश्न विचारला. विद्यार्थी पास झाला. प्रकार वेगळा आहे हे मानायला नमुना हवा, पण निरीक्षण चोख आहे, असा शेरा मिळाला. बाहेर येऊन तो माझ्या पाया पडला, आणि मी त्याला आशीर्वाद दिला.

शनिवारचे तास मी दुसऱ्याला सांगितले आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं कर्जतला उतरलो. शुक्रवारी मी घरी कधीच नसे. आत गेलो तर सासरे खाटेवर टेकून बसले होते, मांडीवर ताटली, आणि डाव्या हातानं मऊभात खात होते. थोडं सांडत होतं. शेजारी कुणी नव्हतं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. त्यांचं बोलणं जड होतं, पण ते समजे. "शनवारी तुम्ही येता, रैवारी तुमची पोरं येतात. चारचौघांसमोर सांडलेलं बरं दिसत नाही. म्हणून नात भरवते."

मी बायकोकडे पाहिलं. ती चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." मग भाकरी उलटून, "आणि माहीत नसेल तर तेही मला कळत होतं. चित्रं कोण काढून देणार, ही तुमची अडचण. माझ्या वडलांचं नाव उगाच पुढे करत होतात." ती रागावलेली नव्हती. हिशेबाची गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं, आणि मला लाज वाटली. इतकी की मी टोपीसुद्धा काढली नव्हती ते नंतर लक्षात आलं.

मुलगी खिडकीत होती. परीक्षेत काय झालं ते मी तिला सांगितलं, परीक्षकांनी काय विचारलं तेही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"घरीच असते म्हणालो."

"खरं तेच सांगितलंत," ती म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक करू लागली.

त्याच आठवड्यात मी खालापूरला पत्र लिहिलं की मुलीचं पुढं शिकायचं ठरलं आहे, तरी रागावू नये. ते रागावले. मामेभाऊही रागावला. बायकोनं पत्र स्वतः नेऊन पेटीत टाकलं, मी विसरेन म्हणून.

जूनमध्ये मी प्रवेशाचा अर्ज घेऊन आलो. प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल मी मनात धरून ठेवलं होतं, उजेड चांगला येतो ते. कुठली पुस्तकं आधी वाचायची, कुणाच्या हाताखाली काम करायचं, पुढं एम. एस्सी.ला विषय कुठला, सगळं मी गाडीत बसून एका कागदावर लिहून काढलं होतं. एवढा सल्ला मी आजवर कुणाला दिला नव्हता. तिनं अर्ज आत नेला, भरला, आणि पालकाच्या सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. विषयाच्या जागी तिनं रसायनशास्त्र आणि गणित लिहिलं होतं.

"वनस्पतिशास्त्र राहिलं वाटतं," मी म्हणालो.

"राहिलं नाही, अप्पा," ती म्हणाली. "ते माझं करून झालंय."

मी माझा कागद खिशातच ठेवला आणि सही केली.